उदाहरणाखालची ओळ: पार्श्वभूमी

मानकात उदाहरण दिलं की त्याखाली ते उलगडून सांगणारी ओळही हवी, हा इथला मुद्दा. ट्रॉलरवरचा जीपीएस चार्टप्लॉटरशी, म्हणजे नकाशावर बोटीची जागा दाखवणाऱ्या यंत्राशी, ज्या ठरावीक ओळींत बोलतो, त्या ठरवणारं एनएमईए ०१८३ हे मानक १९८३चं. त्याची मूळ प्रत विकत घ्यावी लागते. त्यामुळे कित्येकांनी नियम न पाहता, हाती लागलेल्या नमुना-ओळींवरूनच प्रोग्राम लिहिले.

रत्नागिरीचा अक्षांश त्या ओळीत ‘१६५९.४०’ असा येतो. पहिले दोन अंक अंशांचे, उरलेली मिनिटं: १६ अंश ५९.४ मिनिटं, म्हणजे १६.९९ अंश. ही फोड शेजारी नसेल तर नवा माणूस दशांशचिन्ह दोन घरं सरकवून १६.५९४ वाचतो. फरक जवळपास २४ सागरी मैलांचा. बोट रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरात उभी, आणि पडद्यावरचा अक्षांश थेट विजयदुर्गाजवळचा!

मग उदाहरणाखाली खुलाशाच्या दोन ओळी लिहायला मानक लिहिणाऱ्यांचा हात का आखडतो? ‘बंधनकारक’ (पाळावाच लागणारा नियम) आणि ‘माहितीपर’ (नुसता खुलासा) या भेदामुळे. आंतरराष्ट्रीय मानकांच्या लेखननियमांनुसार उदाहरण माहितीपर असतं, त्यात अट घालायची नाही. समजावून सांगताना एखादं ‘पाहिजे’ निसटलं की तो नियम ठरेल, ही धास्ती. मला ती अवाजवी वाटते, पण निराधार नाही. इंटरनेटच्या स्पेसिफिकेशनांसाठी ‘मस्ट’, ‘शुड’, ‘मे’ यांचे अर्थ १९९७ मध्ये ठरवून दिले, तरी लहान अक्षरांतल्या ‘मस्ट’बद्दल संदिग्धता राहिलीच. २०१७ मध्ये खुलासा आला: सगळी अक्षरं कॅपिटल असतील तरच तो खास अर्थ. इंग्रजीचं भागलं. देवनागरीत कॅपिटल अक्षरंच नाहीत. शिवाय ‘मिनिटं साठाच्या आत पाहिजेत’ ही अट, तर ‘एव्हाना बोट जयगडला पोचली पाहिजे’ हा नुसता अंदाज, शब्द तोच. म्हणून मराठीत लिहिताना अटीला दरवेळी ‘बंधनकारक’ म्हणावं आणि खुलाशात ‘पाहिजे’ येऊच देऊ नये, असं माझं मत.

२०१४ मध्ये आलेल्या कॉमनमार्कने, म्हणजे साध्या मजकुरात खुणा करून मांडणी करण्याच्या ‘मार्कडाउन’ पद्धतीच्या नेमक्या स्पेसिफिकेशनने, वेगळी वाट धरली. त्यात आज सहाशेहून अधिक उदाहरणं आहेत. नियम शब्दांत सांगायचा, लगेच उदाहरण द्यायचं, आणि तेच उदाहरण चाचणी म्हणून चालवायचं.

बोटीवरच्या ओळीला एवढा खुलासा पुरला असता: अक्षांशात अंशांना दोन घरं, रेखांशात तीन, ‘०७३१८.००’ म्हणजे ७३ अंश १८ मिनिटं.