चरबी उपसली, साखर जागच्या जागी

"नळीने पोटाची चरबी ओढून घेतली तर शुगरची गोळी बंद होईल ना?" वजन शंभरीपार गेलेल्या एका परिचितांनी मला विचारलं. लायपोसक्शन (नळीने चरबी ओढणं) आणि बेरिअ‍ॅट्रिक सर्जरीच्या (वजन उतरवण्यासाठी जठर-आतड्यांवर होणाऱ्या शस्त्रक्रियेच्या) जाहिराती शेजारी-शेजारी झळकतात, त्यामुळे पहिली म्हणजे दुसरीचीच स्वस्त, सोपी आवृत्ती असा समज होतो.

२००४ साली अमेरिकेत १५ लठ्ठ स्त्रियांच्या पोटावरून लायपोसक्शनने प्रत्येकी सरासरी ९ ते १० किलो चरबी काढली. पुढे १०-१२ आठवड्यांनी तपासलं, तर इन्सुलिनला शरीर देत असलेला प्रतिसाद, रक्तदाब, कोलेस्टेरॉल, सगळं जवळपास होतं तसंच! कारण नळी पोचते ती कातडीखालच्या चरबीपर्यंत. यकृत-आतड्यांभोवतीची चरबी पोटाच्या स्नायूंच्या आत असते, तिला धक्काही लागत नाही.

पण मला खरी गंमत वाटते ती चरबीच्या पेशींची. माणूस बारीक होतो तेव्हा या पेशी कमी होतात की नुसत्या आक्रसतात? याचं उत्तर चक्क अणुबॉम्बनी दिलं. १९५० च्या दशकात आणि १९६३ पर्यंत झालेल्या उघड्यावरच्या अणुचाचण्यांनी हवेतला किरणोत्सारी कार्बन-१४ जवळजवळ दुप्पट केला. चाचणीबंदीचा करार झाला आणि हवेतलं त्याचं प्रमाण हळूहळू उतरत गेलं. हाच कार्बन वनस्पतींत आणि त्यांच्यामार्फत आपल्यात येतो. पेशी जन्मते त्या वेळी तिच्या डीएनएत जो कार्बन गुंफला जातो तो पुढे बदलत नाही, म्हणजे पेशीवर जन्मसालाचा शिक्काच बसतो. स्वीडनच्या कॅरोलिन्स्का संस्थेतल्या कर्स्टी स्पॉल्डिंग आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये चरबीच्या पेशींचे हे शिक्के वाचले. दरवर्षी सुमारे १० टक्के पेशी मरतात आणि तितक्याच नव्या जन्मतात. एकूण आकडा लहानपणी आणि पौगंडावस्थेत ठरतो, मोठेपणी तो जवळपास स्थिर राहतो. बेरिअ‍ॅट्रिक सर्जरीनंतर माणसं खूप बारीक झाली, तरी दोन वर्षांनी पेशी तितक्याच होत्या, फक्त छोट्या झालेल्या.

म्हणजे प्रकार उलटाच! लायपोसक्शन पेशी काढतं पण आजार सोडतं, पोटाची शस्त्रक्रिया पेशी सोडते पण आजारावर काम करते. आक्रसलेल्या पेशी लेप्टिन हे भूक आवरणारं संप्रेरक कमी सोडतात आणि मेंदू भूक वाढवतो. डाएटवाल्यांचं घोडं इथेच अडतं. मग शस्त्रक्रियेनंतर भूक का उसळत नाही? या शस्त्रक्रियेचे दोन मुख्य प्रकार: स्लीव्ह आणि बायपास. स्लीव्हमध्ये जठराचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग कापतात, त्यात घ्रेलिन हे भुकेचं संप्रेरक बनवणारा बराचसा भाग जातो. बायपासमध्ये अन्न आतड्याच्या खालच्या भागात लवकर पोचतं आणि तिथून भूक दाबणारं, इन्सुलिन वाढवणारं जीएलपी-१ हे संप्रेरक भरपूर सुटतं. त्यामुळे बऱ्याच मधुमेहींची साखर वजन फारसं उतरण्याआधीच, काही दिवसांतच खाली येते. किंमत आहेच: आयुष्यभर जीवनसत्त्वं, लोह, तपासण्या, आणि ऑपरेशनचे धोके.

२०२२ च्या आंतरराष्ट्रीय सूचनांनुसार बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) ३५ च्या वर असेल तर ही शस्त्रक्रिया सुचवतात, मधुमेह असेल तर ३० च्या वरही. आशियाई लोकांसाठी ही रेषा आणखी खाली: लठ्ठपणा २५ पासून धरतात, शस्त्रक्रिया २७.५ पासून सुचवतात. लायपोसक्शन मुळात वजन आटोक्यात असून एखादा फुगवटा हटत नाही अशांसाठी. चरबी गोठवणारं यंत्रही त्यातलंच: थरातला पाचवा-चौथा हिस्सा कमी करतं, तराजूला कळतही नाही. घाम काढणारे पट्टे आणि 'चरबी वितळवणारे' काढे यांच्याबद्दल लिहून शाई कशाला घालवायची?

"मग दोन्ही करू?" त्यांनी विचारलं. वजन उतरल्यावर कातडी लोंबते, ती काढायला टमी टक असतोच, पण वजन स्थिरावल्यावर, म्हणजे साधारण १२ ते १८ महिन्यांनी. म्हटलं, आधी पोटाच्या सर्जनला भेटा, हा प्रश्न दीड वर्षाने विचारा.