मिंगेई-संग्रह

जपानमधील जुन्या लोककलावस्तू जमवण्याची व जपण्याची परंपरा. सामान्य घरांत रोज वापरली जाणारी भांडी, कपडे, लाकडी कपाटे (तान्सू), बाहुल्या, ओत्सु गावची स्वस्त चित्रे असे सारे यात येते. मिंगेई म्हणजे लोककला. ही संज्ञा विचारवंत यानागी सोएत्सु (१८८९–१९६१) यांनी १९२५ मध्ये हामादा शोजी व कावाई कांजिरो या कुंभारांच्या साथीने रूढ केली. त्याआधी मान होता तो तलवारींना, गुंडाळी-चित्रांना आणि चहाविधीच्या नामांकित वाडग्यांना. रोजच्या साध्या वस्तूंत सौंदर्य पाहण्याची दृष्टी यानागींना मिळाली ती कोरियातील साध्या चिनी मातीच्या भांड्यांवरून. १९२४ मध्ये त्यांनी सोलमध्ये कोरियन लोककलेचे संग्रहालय काढले. १९३६ मध्ये तोक्योच्या कोमाबा भागात ‘निहोन मिंगेईकान’ हे लोककला-संग्रहालय उघडले. उद्योगपती ओहारा मागोसाबुरो यांनी त्याला पैसा पुरवला.

संग्रहाची सुरुवात बहुतेक जण सोबा-चोको या लहान पेल्यांपासून करतात. क्यूशूतील आरिता परिसरात बनलेल्या या पेल्यांवरील निळ्या नक्षीचे प्रकार मोजता येणार नाहीत इतके आहेत. पेला हाती आला की आधी उलटा करायचा. तळाशी झिलई खरवडून काढलेले रुंद वर्तुळ दिसले, तर तो बहुधा अठराव्या शतकाच्या मध्यानंतरचा. नक्षीचे तुकडे जुळत नसतील, सांधा उघडा पडला असेल, तर ती हाताने न रंगवता मेइजी काळात (१८६८–१९१२) छापलेली असण्याची शक्यता मोठी.

कापडांची गोष्ट अधिक कष्टाची आहे. उत्तरेकडील त्सुगारू भागात शेतकऱ्यांना सुती कपडे घालायला मनाई होती. तेव्हा बायकांनी निळीत रंगवलेल्या भांगेच्या कापडावर पांढऱ्या सुती धाग्याने दाट टाके घालून ते उबदार आणि टिकाऊ केले. हेच कोगिन. ‘बोरो’ म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या ठिगळे लावत गेलेली वस्त्रे, आपल्या गोधडीच्या जवळची. आओमोरीचे लोकसंस्कृती-अभ्यासक तानाका चुझाबुरो यांनी ती गावोगाव फिरून गोळा केली. त्या काळी अनेक घरांना ती गरिबीची खूण वाटे. आज त्यांनाच परदेशी कलादालनांत मोठी किंमत येते. म्हणून बोरो घेताना ते कोणत्या भागातले, कशासाठी वापरलेले, हे लिहून ठेवणे अगत्याचे. ती माहिती सुटली की हाती फक्त सुंदर चिंधी उरते.

संग्राहकांमुळे वस्तूही बदलल्या. ईशान्य जपानमधील तोहोकूच्या गरम झऱ्यांच्या गावांतील कोकेशी या लाकडी बाहुल्या पूर्वी बिनसहीच्या असत. हौशी ग्राहक वाढले तसे कारागीर तळाला नाव घालू लागले. अनाम कारागिरी हा यानागींच्या विचाराचा गाभा होता, तिथे आता सहीवर भाव ठरतो. कोकेशी उन्हात ठेवू नये, रंग उडतात.

क्योतोत तोजी मंदिराच्या आवारात दर महिन्याच्या २१ तारखेला आणि कितानो तेन्मांगू येथे २५ तारखेला भरणारे बाजार प्रसिद्ध आहेत. १९५० च्या सांस्कृतिक वारसा संरक्षण कायद्यानुसार ‘महत्त्वाची सांस्कृतिक संपत्ती’ म्हणून घोषित वस्तू सरकारी परवानगीशिवाय देशाबाहेर नेता येत नाही. बाजारातल्या साध्या पेल्या-बाहुल्यांना हे बंधन लागू नाही.