पाल पडत का नाही?

दर काही महिन्यांनी बातमी असतेच: जेवणात पाल पडली, मुलांना विषबाधा. मग पाल विषारी असल्याची घरोघरी पुन्हा एकदा खात्री पटते. पालीला विष नसतं; जगातल्या एकाही पालीला नसतं. तिच्या आतड्यात साल्मोनेला जिवाणू असू शकतात, म्हणून ते अन्न टाकून द्यायचं हे खरंच. पण तो जंतूंचा मामला आहे, विषाचा नाही. पंचांगात तर पाल कुठल्या अवयवावर पडली की काय फळ, याचा तक्ताच छापलेला असतो. मला त्या तक्त्यापेक्षा उलटा प्रश्न जास्त छळतो. रात्रभर वाशांवरून उलटी फिरणारी ही बया एरवी पडत का नाही?

खिडकीच्या तावदानावर पाल बसली की काचेच्या दुसऱ्या बाजूने तिचे तळवे पाहा. बोटांखालच्या रुंद गादीवर आडव्या पट्ट्या दिसतील, बहुतेक मधोमध दुभंगलेल्या. डोळ्यांना दिसतं ते इथवरच. त्या पट्ट्यांवर लाखो सूक्ष्म केस असतात. ईशान्य भारतातल्या टोके पालीचा असा केस मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाएवढा लांब भरतो. त्याच्या टोकाला शेकडो फाटे आणि प्रत्येक फाट्याचं टोक चपटं, सुमारे २०० नॅनोमीटर रुंद. डिंक नाही, हवा ओढून धरणारी वाटीही नाही.

धरून ठेवते ती व्हान डर वाल्स ओढ. रेणूतले इलेक्ट्रॉन सतत हलते. ते क्षणभर एकीकडे झुकले की ती बाजू किंचित ऋण, दुसरी किंचित धन. शेजारच्या रेणूतले इलेक्ट्रॉनही त्यानुसार सरकतात आणि दोघांत पुसटसं आकर्षण तयार होतं. मात्र हे अगदी जवळूनच चालतं. ही ऊर्जा अंतराच्या सहाव्या घाताने उतरते, म्हणजे दोन रेणूंमधलं अंतर दुप्पट झालं की ती ६४ पट घटते. आपला तळहात भिंतीला खऱ्या अर्थाने टेकतो तो मोजक्या उंचवट्यांवर. पालीची चपटी टोकं मात्र भिंतीच्या प्रत्येक खाचखळग्याशी जुळवून घेतात. अमेरिकी जीवशास्त्रज्ञ केलर ऑटम आणि सहकाऱ्यांनी २००० साली एकाच केसाची ताकद मोजली: जेमतेम २० मिलिग्रॅम वजन पेलण्याइतकी. पण असे लाखो केस! २००२ मध्ये त्यांनी दाखवलं की पाणी झिडकारणाऱ्या पृष्ठभागावरही पकड तेवढीच राहते, त्यामुळे पाण्याच्या पातळ थराने पाय चिकटतो ही कल्पना मागे पडली.

सुटणं त्याहून मजेशीर. केसाचा भिंतीशी कोन सुमारे ३० अंशांपुढे गेला की तो आपोआप सुटतो. पाल बोटांची टोकं वर उलटी वळवते आणि पाऊल चिकटपट्टीसारखं सोलून काढते. आषाढात काचेवर पाणी साचलं की केसांची टोकं काचेपर्यंत पोचतच नाहीत, पकड ढिली होते. दोन नर हद्दीवरून भांडतानाही खाली येतात. पंचांगात पडण्याचं फळ आहे, कारण नाही.

आता हीच बोटं बघत कोकणात फिरा. घरात चुकचुकते ती हेमिडॅक्टिलस फ्रेनेटस, शेपटीवर बारीक काटे असलेली. पिवळसर पोटाची, अंगाने थोराड ती फ्लॅविव्हिरिडिस. दोघींच्या गाद्या ठसठशीत. आंबोलीच्या जंगलातल्या निमास्पिस पालींना गादीच नाही. बारीक वाकडी बोटं आणि नखं यांवर त्या दगड चढतात. दिवसा वावरत असल्याने त्यांची बाहुली गोल, घरातलीची मात्र उजेडात उभी चीर होते. ठिपकेदार, जाड शेपटीची युब्लेफॅरिस तर जमिनीवरच चालते. तिलाही गादी नाही, पण पापण्या आहेत. बाकीच्या पाली डोळे जिभेने चाटून साफ करतात.

माझी लाडकी मात्र सड्यावरची, म्हणजे कोकणातल्या जांभ्याच्या उघड्या पठारावरची. रत्नागिरी जिल्ह्यातल्या डोर्ले गावातून १९६३ साली ग्रँडिसन आणि सोमण यांनी वर्णन केलेली हेमिडॅक्टिलस अल्बोफॅसिएटस, अंगावर पांढरे पट्टे असलेली. आधी तिला वेगळ्या प्रजातीत (जीनसमध्ये) टाकलं होतं, २००८ मध्ये ती घरच्या पालींच्या प्रजातीत आली. ती भिंतीवर नाही, जमिनीवर राहते. दिवसभर जांभ्याच्या सुट्या दगडांखाली दडून असते. सरकारी कागदांत सडा म्हणजे पडीक जमीन. चिरेखाण निघाली किंवा कलमांची बाग लावायची ठरली, की पहिल्यांदा गोळा केले जातात ते हेच सुटे दगड.