क्वांटम सेन्सर की नॅनो सेन्सर?

हे दोन शब्द हल्ली जोडीनेच कानावर पडतात, त्यामुळे एकाच वस्तूची दोन नावं वाटतात. पण ‘नॅनो’ सांगतो किती लहान, ‘क्वांटम’ सांगतो मोजायचं कसं, म्हणजे अणू आणि प्रकाशकणांच्या नियमांचा आधार घेऊन.

गर्भचाचणीच्या बऱ्याच पट्ट्यांवर लाल रेघ उमटते ती सोन्याच्या नॅनोकणांमुळे. कण नॅनो खरे, पण मोजणी रसायनशास्त्राची. याउलट गुरुत्वीय लहरी टिपणाऱ्या अमेरिकेतल्या ‘लायगो’ या वेधशाळेचे बाहू 4 किलोमीटरचे. फोटॉनचा (प्रकाशकणांचा) क्वांटम गोंगाट दाबण्यासाठी 2019 पासूनच्या निरीक्षणांत तिथे ‘स्क्वीझ्ड’ प्रकाश वापरतात. म्हणजे पद्धत क्वांटम, यंत्र मात्र अवाढव्य. (हिंगोलीत औंढ्याजवळ उभी राहणारी लायगो-इंडिया याच जातीची.)

दोन्ही गोष्टी एकत्र आलेल्या पाहायच्या तर जर्मन भौतिकशास्त्रज्ञ योर्ग व्राख्ट्रुप यांची वाटचाल पाहावी. 1993 मध्ये एका रेणूतल्या एकाच स्पिनचा (कणाच्या अंगच्या इवल्याशा चुंबकत्वाचा) चुंबकीय अनुनाद, म्हणजे ठरावीक वारंवारतेला मिळणारा त्याचा प्रतिसाद, टिपणाऱ्यांत ते होते, पण त्याला कडाक्याची थंडी लागे. 1997 मध्ये केम्निट्झला त्यांच्या गटाने तेच हिऱ्यातल्या एकट्या दोषावर केलं, आणि तेही खोलीच्या तापमानाला. मला हा टप्पा सगळ्यात मोलाचा वाटतो.

हा दोष म्हणजे कार्बनच्या जागी बसलेला नायट्रोजनचा एक अणू आणि त्याला लागून एक रिकामी जागा. हिरवा लेसर टाकला की तो लाल उजळतो. 2.87 गिगाहर्ट्‌झचे मायक्रोवेव्ह दिले की उजेड मंदावतो. चुंबकीय क्षेत्रात हीच वारंवारता दुभंगते आणि प्रत्येक फाटा मिलिटेस्लामागे सुमारे 28 मेगाहर्ट्‌झ सरकतो. किती सरकला त्यावरून क्षेत्र कळतं. इथवरचं काम क्वांटमचं.

मग नॅनो कशाला? छोट्या चुंबकाचं क्षेत्र अंतराच्या घनाच्या प्रमाणात घटतं. अंतर निम्मं केलं की ते आठपट मिळतं. एका इलेक्ट्रॉनचं क्षेत्र पकडायचं तर त्याच्या अगदी अंगाशी जावं लागतं, आणि तिथे अणूएवढाच सेन्सर मावतो. हिऱ्यातल्या एकट्या दोषाने नॅनो पातळीवर चुंबकीय क्षेत्र मोजता येतं, हे 2008 मध्ये श्टुटगार्ट आणि हार्वर्डच्या गटांनी ‘नेचर’ या विज्ञानपत्रिकेच्या एकाच अंकात दाखवलं.

तरीही तेच दोष कोट्यवधींनी भरलेला मिलिमीटरभर हिरा वापरला, तर सेन्सर क्वांटम राहतो, नॅनो राहत नाही. अशा दोषांवर आयआयटी मुंबईतही काम चालतं. केंद्र सरकारच्या राष्ट्रीय क्वांटम मिशनचं सेन्सिंगचं केंद्र तिथेच आहे.