लहान होडीसाठी आउटबोर्ड इंजिनाची निवड

होडीच्या मागच्या फळीवर बाहेरून क्लॅम्पने किंवा बोल्टने बसवायचे, वर इंजिन, मधे उभा दांडा आणि खाली गिअर व पंखा अशी रचना असलेले सुटे यंत्र म्हणजे आउटबोर्ड इंजिन. वळायचे झाले की अख्खे यंत्रच फिरवतात, त्यामुळे वेगळे सुकाणू लागत नाही. मूळचे नॉर्वेचे ओले एव्हिनरूड यांनी १९०९ मध्ये अमेरिकेतल्या मिलवॉकी शहरात विक्रीला आणलेले दीड अश्वशक्तीचे, सुमारे २८ किलो वजनाचे इंजिन हे या जातीतले व्यापारी यश मिळवणारे पहिले यंत्र मानले जाते. यामाहाचे पहिले आउटबोर्ड १९६० चे आणि होंडाचे फोर-स्ट्रोक १९६४ चे. आज दोन अश्वशक्तीपासून काही शे अश्वशक्तीपर्यंत इंजिने मिळतात. प्रश्न असतो तो यातले आपल्या होडीला कोणते, हा. ठाणे आणि नवी मुंबईच्या खाडीकाठी हा प्रश्न दिवाळे, सारसोळे, वाशीगाव, चेंदणी, कोळशेत अशा कोळीवाड्यांत पडतो, तसाच हौसेने फायबरची होडी घेणाऱ्यालाही पडतो.

एचपीचा, म्हणजे अश्वशक्तीचा, आकडा शेजारच्या होडीवरून ठरवण्याची पद्धत सर्रास दिसते. शेजाऱ्याच्या होडीचा तळ, तिच्यावरचा भार आणि तिचे रोजचे पाणी आपल्यासारखे असेल तरच ती चालते. एरवी फसते.

तळ आणि वेग

होड्या ढोबळमानाने दोन प्रकारच्या. पहिल्या पाणी कापत जातात. गोलसर तळाच्या जुन्या लाकडी होड्या, भरलेल्या मासेमारी होड्या, शिडाच्या होड्या यात मोडतात. अशा होडीच्या वेगाला निसर्गानेच मर्यादा घातलेली आहे : पाण्याच्या रेषेवरची लांबी मीटरमध्ये घेऊन तिच्या वर्गमुळाला २.४३ ने गुणले की नॉटमधला कमाल वेग मिळतो. पाण्यात पाच मीटर लांबी असेल तर हा वेग साधारण ५.४ नॉट, म्हणजे ताशी दहा किलोमीटर. होडी स्वतःच उठवलेल्या दोन लाटांच्या मधल्या खोलगटात अडकलेली असते. तिथून पुढे इंजिन कितीही मोठे लावा, नाळ, म्हणजे होडीचे पुढचे टोक, वर जाते, मागचा भाग खाली बसतो, आवाज वाढतो आणि पेट्रोल जळते. वेग मात्र हलत नाही.

दुसऱ्या प्रकारच्या होड्या पुरेसा जोर मिळाला की पाण्यावर उठतात आणि पृष्ठभागावरून घसरत धावतात. मागे सपाट किंवा उथळ व्ही आकाराचा तळ आणि धारदार कडा ही त्यांची ओळख. यांना वरची मर्यादा लागू नाही, पण उठण्यासाठी लागणारी किमान शक्ती मोठी असते. त्या शक्तीच्या खाली त्या धड उठतही नाहीत आणि धड सावकाशही चालत नाहीत.

वजनाचा हिशेब

कोणत्याही प्रकारच्या होडीत निर्णय वजनावर होतो, आणि हे वजन कागदावर मांडायचे असते, अंदाजाने नव्हे. एक १८ फुटी फायबरची होडी घेऊ. रिकामी होडी ३५० किलो, तीन माणसे २१० किलो, इंजिन ५० किलो, २५ लिटर पेट्रोल टाकीसकट २० किलो. जाळी, बर्फ, नांगर, पिण्याचे पाणी आणि परतीची मासळी मिळून १७० किलो. एकूण ८०० किलो. होडी विकणारा पहिला आकडा सांगतो. इंजिन ओढते शेवटचा.

ही होडी पाणी कापतच न्यायची असेल तर टनाला साधारण चार एचपी हा जुना ठोकताळा. म्हणजे सव्वातीन एचपी. पाच एचपीचे इंजिन शांत पाण्यात तिला तिच्या कमाल वेगाजवळ नेऊन ठेवते. नव्याने होडी घेणाऱ्याला हे पटत नाही, पण आकडा खरा आहे.

तीच होडी उठवायची तर दर एचपीमागे वीस-बावीस किलोपेक्षा जास्त वजन नको. इथे उत्तर ३५ ते ४० एचपी येते. उठलेल्या होडीचा वेग काढण्यासाठी नौका-रचनाकार जॉर्ज क्राउच यांचे सूत्र वापरतात : एकूण वजन पौंडात घेऊन त्याला एचपीने भागायचे, भागाकाराचे वर्गमूळ काढायचे आणि साध्या लहान होडीसाठी १५० ला त्या वर्गमुळाने भागायचे, उत्तर ताशी मैलांत येते. आपल्या होडीला ४० एचपीवर ताशी सुमारे ३६ किलोमीटर मिळतात, ६० एचपीवर ४४. शक्ती दीडपट झाली, वेग जेमतेम २२ टक्के वाढला. त्यात साठचे इंजिन वजनानेही भारी, त्यामुळे प्रत्यक्षात तेवढेही मिळत नाहीत.

मधला पट्टा सर्वांत वाईट. याच होडीला १५ किंवा २० एचपी लावले तर कापत जाण्यासाठी ते जास्त आणि उठण्यासाठी कमी. नाळ आकाशाकडे करून, मागे लाटांचा डोंगर ओढत जाणारी होडी दिसली की तिचे इंजिन बहुधा या पट्ट्यातले असते. होडी हलकी असेल तर गोष्ट वेगळी : १२–१३ फुटांची, दोन माणसांसह तीनशे किलोत बसणारी होडी १५ एचपीवर छान उठते.

खाडीचे पाणी

वरचे सगळे गणित तळ्यातले आहे. ठाण्यातल्या मासुंद्याच्या तलावात ते जसेच्या तसे चालेल. ठाणे खाडीत भरती-ओहोटीचा ओढ मधे येतो. मुंबई बंदरात उधाणाच्या दिवसांत भरती आणि ओहोटीच्या पातळीत सरासरी साडेतीन मीटरहून अधिक फरक पडतो, भांगाला, म्हणजे अष्टमीच्या आसपासच्या लहान भरतीच्या दिवसांत, तो दीड मीटरच्या आसपास उतरतो. एवढे पाणी दिवसातून दोनदा खाडीत शिरते आणि बाहेर पडते. ओढ दोन नॉट धरला तर पाच एचपीची आपली होडी पाण्याबरोबर चार सागरी मैल ३२ मिनिटांत जाईल, विरुद्ध मात्र तिला ७० मिनिटे लागतील. वाशी पुलाच्या खांबांमध्ये पाणी आवळले जाते, तिथे ओढ आणखी जाणवतो.

जुने तांडेल, म्हणजे होडीचे प्रमुख, पाण्याबरोबर जायचे आणि पाण्याबरोबर यायचे. ज्याला अजूनही तसे जमते त्याला लहान इंजिन पुरते. ज्याला वेळ गाठायची असते त्याला जमत नाही. शिवाय पावसाळ्याच्या तोंडावर ओहोटी दक्षिणेकडे धावत असते आणि नैऋत्येचा वारा समोरून येतो, तेव्हा ऐरोलीकडून निघालेल्याला वाशीच्या पुढे आखूड, उभ्या लाटा लागतात. वारा आणि लाट फोडण्यासाठी हाताशी राखीव जोर हवा. म्हणून शांत पाण्यातल्या उत्तराच्या दुपटीच्या आसपास, म्हणजे या होडीला ८ ते १० एचपी, हे इथले शहाणपणाचे उत्तर. अनेक कंपन्यांची ९.९ आणि १५ एचपीची इंजिने एकाच साच्यावर बनतात आणि वजनाला सारखीच भरतात. तसे असेल आणि होडी बनवणाऱ्याने लावलेल्या कमाल एचपीच्या पाटीवर परवानगी असेल तर पंधरा घेऊन ते दोन-तृतीयांश जोरावर चालवणे बरे.

उलट बेलापूरच्या बाजूने पनवेल खाडी ओलांडून घारापुरीकडे किंवा अटल सेतूच्या पलीकडे न्हावा-शेवाच्या बाजूला जाणाऱ्याला मोठ्या जहाजांच्या लाटांतून वाट काढावी लागते आणि अंतरही जास्त. तिथे उठणारी होडी आणि चाळीसचे इंजिन यांना अर्थ आहे. खाडीच्या आत त्याच चाळीसला जागा नाही. ओहोटीला दोन्ही काठांना चिखल उघडा पडतो, मधल्या पाण्यात जाळी, बोकशीचे (ओढात रोवून लावायच्या पिशवीसारख्या जाळ्याचे) खुंट आणि तरंगणारे प्लास्टिक. ताशी ३५ किलोमीटरने खुंट चुकवता येत नाही. खाडीच्या पश्चिम काठाला २०१५ पासून रोहित पक्ष्यांचे अभयारण्य आहे आणि २०२२ मध्ये ठाणे खाडीला रामसर दर्जा मिळाला. पाखरे दाखवायला होडी न्यायची तर सावकाश चालणारे, कमी आवाजाचे फोर-स्ट्रोक इंजिनच लागते. मोठ्या इंजिनाची नुसती चाहूल लागली तरी थवा उठतो.

दांडा आणि पंखा

एचपी बरोबर निवडूनही होडी चालत नाही, याचे कारण बहुतेकदा इथे सापडते. इंजिनाचा दांडा साधारण १५, २० किंवा २५ इंचांचा येतो. मागच्या फळीची उंची मापून तो घ्यायचा. पंख्याच्या वरची आडवी पाती होडीच्या तळाच्या रेषेत किंवा इंचभर खाली यायला हवी. दांडा आखूड पडला तर लाटेवर पंखा हवा ओढतो, इंजिन किंचाळते आणि होडी जागच्या जागी राहते. लांब पडला तर पाण्याचा अडथळा वाढतोच, वर ओहोटीला पंखा चिखलात रुततो. इंजिन थंड ठेवणारे पाणी आत घेणाऱ्या जाळीत गाळ बसला की पंपाचे रबरी चक्र झिजते आणि इंजिन तापते. मागून लघवीसारखी पडणारी पाण्याची धार बारीक झाली की इंजिन ताबडतोब बंद करायचे, हे खाडीत नवख्यालाही पहिल्या दिवशी सांगतात.

पंख्यावर दोन आकडे कोरलेले असतात, व्यास आणि पिच. पिच म्हणजे एका फेरीत पंखा घट्ट पदार्थातून जेवढा पुढे सरकला असता ते अंतर. इंजिनाच्या पुस्तकात पूर्ण जोरावरच्या फेऱ्यांचा पट्टा दिलेला असतो, समजा मिनिटाला ५,००० ते ६,०००. भरलेली होडी पूर्ण जोरावर ४,७०० वरच थांबत असेल तर पिच जास्त आहे. एक इंच पिच कमी केला की फेऱ्या साधारण दोनशेने वाढतात, म्हणजे इथे दोन इंच कमी पिचचा पंखा लागेल. कोणी याच अवस्थेत मोठे इंजिन घ्यायला निघतो. पंख्याचा खर्च इंजिनाच्या मानाने किरकोळ असतो, तो आधी करून पाहावा. जड होडीला मोठ्या व्यासाचा, कमी पिचचा पंखा आणि फेऱ्या जास्त उतरवणारा गिअर असलेली खास इंजिने मिळतात. दहा एचपीचे असे इंजिन भरलेली होडी ज्या नेटाने ढकलते, तो नेट साध्या पंधराच्या इंजिनात नसतो.

कमाल मर्यादा

फळीला किती इंजिन झेपेल, यालाही सीमा आहे. होडीवर बनवणाऱ्याची पाटी असेल तर तिच्यावरचा आकडा अखेरचा समजावा. गावातल्या साच्यावर ओतलेल्या फायबरच्या होडीवर पाटी नसते. अशा वेळी अमेरिकी तटरक्षक दलाचा २० फुटांखालच्या होड्यांसाठीचा नियम मार्गदर्शक म्हणून उपयोगी पडतो. लांबी आणि मागची रुंदी फुटांत घेऊन गुणाकार करायचा. १६ फूट लांब व ५ फूट रुंद होडीचा गुणाकार ८०. स्टिअरिंग चाकाने चालणारी आणि मागची फळी किमान २० इंच उंच असलेली होडी असेल तर दुप्पट करून ९० वजा, म्हणजे ७० एचपी. हाताच्या दांड्याने, म्हणजे इंजिनाला जोडलेल्या टिलरने, वळवली जाणारी असेल तर ०.८ पट करून २५ वजा, म्हणजे ३९, वरच्या पाचाला गोल करून ४०; आणि दांड्यावर चालणारी सपाट तळाची, धारदार कडांची असेल तर निम्मे करून १५ वजा, म्हणजे फक्त २५. एकाच मापाच्या होडीला ७० आणि २५ ही दोन्ही उत्तरे येऊ शकतात. वळताना दांडा हातातून हिसकला गेला तर काय होईल, ते या फरकात धरलेले आहे. इंजिन बंद करणारी दोरी मनगटाला बांधण्याचा आग्रहही त्यासाठीच.

पेट्रोल

फोर-स्ट्रोक इंजिन पूर्ण जोरावर दर एचपीला तासाला सुमारे ०.४ लिटर पेट्रोल खाते. दहाचे इंजिन चार लिटर, चाळीसचे सोळा. कार्बोरेटरचे टू-स्ट्रोक याहून बरेच जास्त पिते, पण वजनाला हलके आणि कोणत्याही गॅरेजात उघडता येणारे, म्हणून त्याचे चाहते टिकून आहेत. रॉकेलवर चालणारी इंजिनेही मिळतात. त्यांचा जोर त्याच आकाराच्या पेट्रोल इंजिनापेक्षा कमी असतो, हे एचपी ठरवताना धरावे लागते. टाकीचा हिशेब तिहाईचा करतात : एक भाग जायला, एक यायला, एक राखीव.

इंजिन बसवल्यावर चाचणी भरलेल्या होडीवरच घ्यायची. मोबाइलवरच्या जीपीएसने एकदा पाण्याबरोबर, एकदा पाण्याविरुद्ध त्याच पट्ट्यात वेग मोजून सरासरी काढली की ओढ वजा होतो. सरासरी हिशेबापेक्षा नॉट-दीड नॉटने कमी भरली तर आधी होडी काठाला ओढून तळ पाहावा. खाडीच्या पाण्यात काही आठवडे उभ्या राहिलेल्या होडीच्या तळाला शेवाळ आणि कवचांचा खरबरीत थर चढतो, आणि तो खरवडून काढल्यावर तेच इंजिन हिशेबातला वेग देते.