धूर म्हणजे न जळालेलं सरपण

हायवेवरच्या ढाब्यांवर हल्ली 'चुलीवरचं मटण' अशा पाट्या मोठ्या कौतुकानं झळकतात. चव असेलही, पण चुलीत नेमकं काय जळतं, आणि काय जळत नाही, हे एकदा बघायला हवं.

ज्वाला लाकडाची नसते, वायूची असते. तापमान दोनअडीचशे अंशांपुढे गेलं की लाकडातलं सेल्युलोज आणि लिग्निन तुटायला लागतं. त्यातून ज्वलनशील वायू आणि डांबरासारखी वाफ सुटते. तिला पुरेशी हवा, पुरेशी उष्णता आणि दोन्हींत मिसळायला थोडा वेळ मिळाला, तर शेवटी कार्बन डायऑक्साइड आणि पाणी उरतं. चुलीत नेमकं हेच जमत नाही. पऱ्हाट्या-तुराट्या भसकन पेटतात, एकदम एवढा वायू सुटतो की हवा पुरत नाही. सरपण ओलं असेल तर उष्णता पाणी उडवण्यातच खर्च होते. त्यात भांड्याचं गार बूड ज्योतीला टेकलं की तिथली ज्योत विझते. अर्धवट तुटलेले रेणू मग थिजून थेंब होतात, कार्बनची काजळी धरते. यातले बहुतेक कण एका मायक्रॉनहून लहान, थेट फुप्फुसातल्या वायुकोशांपर्यंत जाणारे. फुंकणीनं फुंकलं की धूर घटकाभर निवळतो तो यामुळेच: हवा मिळते आणि ती मिसळतेही.

गोवरीच्या धुरानं हवा शुद्ध होते म्हणणाऱ्यांनी हे कण मोजणारं यंत्र तिच्या शेजारी ठेवून बघावं.

एलपीजीतले प्रोपेन-ब्युटेन हे मुळातच वायू, रेणू तीन-चार कार्बनचे. बर्नरच्या नळीतच ते हवा ओढून घेतात, म्हणून ज्योत निळी.

गरीब घरांना गॅसजोडणी देणारी उज्ज्वला योजना 1 मे 2016 रोजी उत्तर प्रदेशात बलियाला सुरू झाली. जोडण्या आता दहा कोटींवर आहेत. तरी चुली विझलेल्या नाहीत. सरपण बांधावरून फुकट येतं, 14.2 किलोच्या टाकीला एकरकमी रोकड लागते. मग चहा-भाजी गॅसवर, भाकरी आणि आंघोळीचं पाणी चुलीवर. धूर घरात राहतोच.

गॅस म्हणजे जादूही नव्हे. भारतासह (इथे तामिळनाडूत) चार देशांत झालेल्या एका मोठ्या चाचणीत गरोदर बायकांना गॅस फुकट दिला. त्यांच्या श्वासातले सूक्ष्म कण खूप घटले, पण बाळांच्या जन्मवजनात लक्षणीय फरक दिसला नाही. तो निकाल 2022 मध्ये आला. नुसता गॅस दिला की सगळं साधलं असं नाही, म्हणून जोडण्यांचे आकडे पुरे. वर्षाला घरटी टाक्या किती भरल्या ते मोजा, आणि 5 किलोची छोटी टाकी गावातल्याच दुकानात मिळू द्या.