सजगता कौशल्ये

सजगता कौशल्ये : आपला श्वास, शरीरातील संवेदना, विचार आणि भावना यांच्याकडे त्या त्या क्षणी, बरे-वाईट न ठरवता, जाणीवपूर्वक लक्ष देण्याची क्षमता. ही क्षमता शिकता येते आणि सरावाने वाढते. ‘माइंडफुलनेस’ या इंग्रजी संज्ञेसाठी मराठीत ‘सजगता’ हा शब्द रूढ होत आहे. खुद्द ती इंग्रजी संज्ञा बौद्ध ध्यानपरंपरेतील पाली ‘सति’ या शब्दासाठी योजली गेली. संस्कृतात त्याचे रूप ‘स्मृती’ असे आहे.

या संकल्पनेच्या पूर्वपीठिकेशी नाशिक परिसराचे नाते जुने आहे. शहराच्या दक्षिणेस त्रिरश्मी डोंगरावरील लेणी, म्हणजेच पांडवलेणी, सातवाहन व क्षत्रप काळात बौद्ध भिक्षूंच्या निवासासाठी कोरली गेली. जिल्ह्यातील इगतपुरी येथील धम्मगिरी केंद्रात सत्यनारायण गोएंका यांनी १९७६ पासून विपश्यनेची शिबिरे सुरू केली. दहा दिवसांच्या या निवासी शिबिरात साधक आर्य मौन (वाणी, शरीर व मन यांचे मौन; एकमेकांशी बोलणे वा खाणाखुणा न करणे) पाळतात, पहिले तीन दिवस नैसर्गिक श्वासावर लक्ष ठेवतात (आनापान) आणि चौथ्या दिवसापासून सर्वांगातील संवेदनांचे तटस्थ निरीक्षण करतात. नाशिकलगतच्या टाकळी येथे समर्थ रामदासांनी बारा वर्षे तपश्चर्या केली, अशी परंपरा आहे आणि त्यांनी मनाला उद्देशून रचलेले श्लोक येथील घराघरांत म्हटले जातात. मात्र त्या श्लोकांत मनाला समजावले व वळवले जाते, तर सजगतेत मन जसे आहे तसे आधी पाहिले जाते. हा फरक लक्षात न आल्यामुळे नवशिका माणूस विचार थांबवण्यासाठी बसतो, विचार थांबत नाहीत आणि ‘आपल्याला हे जमणार नाही’ असे ठरवून चार दिवसांत उठतो. वास्तविक लक्ष भरकटले आहे हे ओळखून ते पुन्हा श्वासावर आणणे, हाच सराव होय.

वैद्यकीय उपचारांत या कौशल्यांचा पद्धतशीर वापर १९७९ मध्ये सुरू झाला. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात जॉन कबात-झिन यांनी जुनाट वेदना व ताण असलेल्या रुग्णांसाठी आठ आठवड्यांचा अभ्यासक्रम आखला. पुढे झिंडेल सीगल, मार्क विल्यम्स आणि जॉन टीसडेल यांनी वारंवार उद्भवणाऱ्या नैराश्यासाठी सजगतेवर आधारित बोधनिक (विचारांच्या सवयींवर काम करणारी) उपचारपद्धती विकसित केली. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ मार्शा लिनेहान यांनी झेन या बौद्ध परंपरेतून घेतलेली सजगता आपल्या ‘डायलेक्टिकल बिहेवियर थेरपी’च्या केंद्रस्थानी ठेवली. तीव्र भावनिक उलथापालथ आणि आत्मघाताकडे ओढ असलेल्या व्यक्तींसाठी घडवलेल्या या उपचारात निरीक्षण करणे, पाहिलेल्याचे शब्दांत वर्णन करणे आणि हातातील कृतीत पूर्णपणे उतरणे ही कौशल्ये वेगवेगळी शिकवली जातात.

यांपैकी वर्णनाचे कौशल्य मराठी भाषकासाठी एकाच वेळी सोपे आणि अवघड आहे. सोपे अशासाठी, की पोटात गोळा येणे, छातीत धस्स होणे, घशाला कोरड पडणे, अंगाचा तिळपापड होणे अशा वाक्प्रचारांतून आपली भाषा भावनेचा शरीरातील ठाव आधीच सांगत असते. अवघड अशासाठी, की रोजच्या बोलण्यात भीती, राग, अपराधभाव, दुःख आणि थकवा या सर्वांसाठी ‘टेन्शन आलंय’ एवढाच शब्दप्रयोग उरला आहे. त्यामुळे या एका शब्दाची उकल करणे ही शिक्षणाची पहिली पायरी ठरते. निफाड किंवा दिंडोरी तालुक्यातील द्राक्ष बागायतदाराचे उदाहरण घेता येईल. मणी भरत असताना रात्री ढग गडगडू लागले, की पोटात गोळा येतो आणि पाठोपाठ ‘बाग गेली, आता कर्ज कसे फेडायचे’ हा विचार उभा राहतो. पोटातील गोळा ही संवेदना, भीती ही भावना, ‘बाग गेली’ हा विचार आणि ‘ढग आले आहेत, पाऊस अजून पडलेला नाही’ ही वस्तुस्थिती, असे चार धागे सुटे करता आले, तर भीती नाहीशी होत नाही. पण ती सगळे डोके व्यापत नाही आणि सकाळच्या फवारणीचा निर्णय भानावर राहून घेता येतो. कर्ज, गारपीट व पडलेले भाव यांवर सजगता हा उपाय नव्हे, हेही येथे स्पष्टपणे नोंदवले पाहिजे. परिस्थितीने गांजलेल्या माणसाला नुसते ‘शांत राहा’ म्हणणे हे या कौशल्याच्या नावाखाली होणारे अन्यायकारक वर्तन आहे.

परिणामकारकतेविषयीचे पुरावे संमिश्र आहेत. ब्रिटनमध्ये ४२४ रुग्णांवर झालेल्या व २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, नैराश्य पुन्हा उद्भवण्याचे प्रमाण दोन वर्षांत सजगताधारित उपचार घेणाऱ्यांत ४४ टक्के, तर औषधे चालू ठेवणाऱ्यांत ४७ टक्के आढळले; हा फरक सांख्यिकीय दृष्ट्या महत्त्वाचा नव्हता. चिंताविकाराच्या २७६ रुग्णांवरील २०२२ च्या अमेरिकी चाचणीत आठ आठवड्यांचा सजगता अभ्यासक्रम एस्सिटालोप्रॅम या चिंता व नैराश्यावरील औषधापेक्षा कमी पडला नाही. याउलट, ब्रिटनमधील शाळांत सरसकट सर्व विद्यार्थ्यांना दिलेल्या प्रशिक्षणाचा नेहमीच्या सामाजिक-भावनिक शिक्षणापेक्षा अधिक लाभ त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात दिसला नाही. चाचण्यांतील रुग्णांची औषधे वैद्यकीय देखरेखीखाली बदलली गेली होती, त्यामुळे या आकड्यांवरून कोणी आपली गोळी परस्पर बंद करू नये.

मानसिक आघातातून गेलेल्या व्यक्तीला डोळे मिटून शरीराकडे लक्ष देताना जुन्या आठवणी अनावर होऊ शकतात. अशा वेळी डोळे उघडे ठेवून पायाखालची जमीन, आसपासचे आवाज किंवा सावकाश चालणे यांचा आधार घेतला जातो. गंभीर मनोविकार असलेल्यांना दीर्घ मौन शिबिरे सुचवली जात नाहीत आणि इगतपुरीच्या शिबिरासाठी अर्ज करतानाही आपला मानसिक आजार व चालू औषधे यांची खरी माहिती देणे आवश्यक असते. सुरुवात दिवसातून तीन ते पाच मिनिटांनी, शक्यतो प्रशिक्षित समुपदेशकाच्या मार्गदर्शनाखाली करावी. झोप पूर्ण उडाली असेल किंवा जगणे नकोसे वाटत असेल, तर सराव बाजूला ठेवून प्रथम मानसोपचारतज्ज्ञांना भेटावे. केंद्र शासनाच्या टेलि-मानस या दूरध्वनीवरील मानसिक आरोग्य सेवेवर १४४१६ या क्रमांकाने चोवीस तास मराठीतही बोलता येते.